सात नंबरच्या मागची खुर्ची

आत्याला एका जागी बसवायचं तर आधी तिच्या हातात काहीतरी द्यावं लागतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. लहानपणी भावाने तिचं नाव भिंगरी ठेवलं, ते पंचेचाळिशी उलटली तरी सुटलं नाही. शाळेत ती शेजारणीच्या वेण्या सोडून पुन्हा घालायची. बसची वाट बघताना थांब्यावरच्या जुन्या जाहिराती नखाने सोलून काढायची. पुढे तिने कपडे दुरुस्तीचं दुकान टाकलं ते बरंच झालं, नाहीतर लोकांचे कपडे तिने फुकटात उसवले असते. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायची, कॉलर उलटवायची. दिवसभर हात चालू, पाय मशीनवर चालू, आणि तोंडाचा पट्टा तर झोपेतच काय तो थांबायचा.

तिच्या गळ्यात काळ्या फितीला दोरे कापायची इवलीशी कात्री लटकलेली असे. लोंबता दोरा दिसला की हात आपोआप तिकडे जायचा, समोरच्याला विचारण्याची भानगड नाही. एकदा बँकेत काचेखालच्या फटीतून हात घालून तिने कारकुनाच्या बाहीचा दोरा कापला. तो बिचारा खुर्चीसकट मागे सरकला आणि दारावरचा पहारेकरी धावत आला. "अहो, उद्यापर्यंत अख्खी बाही उसवली असती," आत्या पहारेकऱ्यावरच ओरडली. जित्याची खोड, दुसरं काय!

अशा बाईवर आठवड्यातून तीनदा, दर वेळी सव्वा तास, मोकळ्या हातांनी आणि बंद तोंडाने एका लोखंडी खुर्चीवर बसायची पाळी आली. ही पाळी तिच्यावर आणली तिच्या सख्ख्या भाचीने.

भाची तेरा वर्षांची. आत्या जेवढी भिरभिरी, तेवढी ही थंड. नाकावर माशी बसली तरी ही आधी विचार करणार, म्हणून घरात तिला ठोकळा म्हणायचे. शाळेने एकदा मुलींना नेमबाजीच्या रेंजवर नेलं. लांबच लांब हॉल, एका टोकाला टेबलं, दहा मीटरवर निशाणं, आणि हातात हवेचं पिस्तूल. बाकीच्या मुली खिदळत होत्या. ठोकळ्याने हात लांब केला आणि तो हात तसाच राहिला. रेंजचे मास्तर चष्मा पुसून पुन्हा बघायला आले. "हिला परत आणा," ते शाळेच्या बाईंना म्हणाले, "पण मागे बसायला घरचं माणूस लागेल."

कारण नियमच तसा होता. अठराच्या आतलं मूल पिस्तूल चालवणार असेल तर त्याच्या मागे एक मोठं माणूस हवं. कोणीही येऊन चालत नाही. एकच माणूस, नाव नोंदवलेलं, पंधरा दिवस शिकवणी घेतलेलं, गळ्यात देखरेखीचं कार्ड घातलेलं. भाऊ लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, आज इथे तर उद्या कुठे त्याचा पत्ता नाही. वहिनी हॉस्पिटलात नर्स, तिच्या पाळ्या दर आठवड्याला फिरायच्या. उरली आत्या. दुकान तिचं स्वतःचं, वाटेल तेव्हा फळी लावायला ती मोकळी.

"भिंगरी? सव्वा तास? एका खुर्चीत?" फोनवर भाऊ इतका हसला की त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली.

मास्तरांनी पहिल्याच दिवशी तिला समोर उभं करून नियम सांगितले. आवाज असा, की शिंक आली तरी दाबून धरावी.

"पिस्तुलाची पेटी मुलीने उचलायची नाही. कुलूप पेटीला, किल्ली तुमच्याकडे. इथे रेंजवर पेटी फक्त टेबलावर उघडायची, तीही मी सांगितल्यावर. ही नारिंगी नायलॉनची दोरी बघा. नळीत मागून घालायची, पुढच्या तोंडातून बाहेर काढायची. दोन्ही टोकं दिसली म्हणजे नळी रिकामी आहे हे लांबूनही कळतं. सगळ्यांच्या दोऱ्या दिसल्याशिवाय निशाणांकडे कोणी पाऊल टाकत नाही."

"बरं."

"आणि तुम्ही निशाणाकडे बघायचं नाही."

"मग काय छताकडे बघू?"

"तिच्या बोटाकडे. चापावर कधी जातं, कधी निघतं. डोळ्यांत तेल घालून तेवढंच बघायचं. गुण मोजायला माझ्याकडे यंत्र आहे. बोटाकडे बघायला तुम्ही."

"आणि काही बोलायचं असलं तर?"

"बोलायचं नाही. हात वर करायचा, मी येतो."

पहिल्या आठवड्यात आत्याने चार वेळा हात वर केला. एकदा पंखा कुरकुरतो म्हणून, दोनदा उगाचच, आणि चौथ्यांदा मास्तरांच्या कोटाच्या पाठीवर दोरा लोंबतोय म्हणून. मास्तर तिला बाहेर घेऊन गेले. "आत्याबाई, हा हात म्हणजे आगीची घंटा आहे. आग लागली तरच वाजवायची." आत्याने मान डोलावली, आणि डोलावता डोलावता तो दोरा कापला.

पण त्यानंतर तिने हात वर केला नाही. दोन्ही तळवे गुडघ्यांवर दाबून ती सात नंबरच्या टेबलामागच्या खुर्चीवर बसायची. पहिले काही दिवस हात असे शिवशिवायचे की घरी जाताना ती बसच्या सीटचं फाटलेलं कव्हर शिवून टाके. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशी गत. मग हळूहळू डोळे त्या बोटाला सरावले. ठोकळ्याची तर्जनी आधी नळीच्या बाजूला सरळ पडून राहायची. मग चापावर यायची, थांबायची, मागे सरकायची आणि पुन्हा बाजूला. आठ महिन्यांत ते बोट एकदाही वावगं हललं नाही. भाचीला किती गुण पडतात हे आत्याला माहीत नव्हतं, पण तिच्या नखाला कुठे ओरखडा आहे हे माहीत होतं.

एक खोड तेवढी राहिली. पेटी आत्याच्या घरी, कपाटात कुलपात असे. दर रविवारी ती पेटी उघडून दोरी जागेवर आहे ना ते बघायची, नियमच होता तो. आणि दर रविवारी नारिंगी दोरीचं टोक जरासं विसकटलेलं असायचं. विसकटलेलं टोक बघून गप्प बसणारी शिवणकामवाली अजून जन्माला यायची आहे. खुट् करून तेवढंच कापायचं, काडी ओढून टोक वितळवायचं, बोटांनी दाबायचं. इतकं साफसुथरं व्हायचं की तिला स्वतःचंच कौतुक वाटायचं. प्रत्येक वेळी तांदळाच्या दाण्याएवढं जायचं, ते कोणाच्या लक्षात येणार?

निवड स्पर्धेचा दिवस उजाडला. चौदाखालच्या गटातले पहिले चार वर्षभराच्या शिबिराला जाणार होते. चार महिन्यांपूर्वी रेंजवरच्या स्पर्धेत ठोकळा एका गुणाने पाचवी आली होती. तेव्हा ती रडली नव्हती, फक्त सहा दिवस भात कालवत बसायची आणि उठून जायची. पुढच्या वर्षी गट बदलणार, समोर थोराड मुली येणार. म्हणजे जे काही व्हायचं ते आज.

सकाळी तपासणीच्या टेबलावर एका पोरगेल्या तपासनिसाने पिस्तूल वजनाला लावलं, चाप ताणून बघितला, दोरी काढून पुन्हा घालून पाहिली. "दोरी फार आखूड आहे हो. आज चालेल, पुढच्या वेळी नवी आणा." पेटीला कुलूप लावून त्याने दोरी आत्याच्या हातात दिली. "आत गेल्यावर घालायची."

मग बाकावर अर्धा तास वाट बघणं आलं. ठोकळा डोळे मिटून भिंतीला टेकलेली. आत्याची मात्र चुळबुळ. पाय हलतोय, मान वळतेय, दारावरची पाटी चार वेळा वाचून झाली. आणि हातात ती दोरी. त्या तपासनिसाने ओढाओढ करून टोकाची पार झिपरी करून ठेवली होती. आत्याचं लक्ष घड्याळात होतं, हात आपल्या कामात. खुट्. यावेळी चांगली बोटभर गेली. कात्रीच्या आवाजाने ठोकळ्याने एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

आत सगळं नेहमीसारखं झालं. मास्तरांचा हुकूम आला, पेट्या उघडल्या, आत्याने दोरी ठोकळ्याच्या हातात दिली, टेबलांवर छर्ऱ्यांच्या डब्या मांडल्या गेल्या. आत्याने तळवे गुडघ्यांवर ठेवले आणि बोटाला नजर लावली. बाजूला, चापावर, मागे, बाजूला. हॉलमध्ये फटफट आवाज येत होते आणि पाठीमागे पाहुण्यांच्या रांगेत कुजबुज वाढत होती. कुणाचा तरी बाप शेजाऱ्याला सांगत होता, "सात नंबरवाली पाचव्या जागेवरच्या मुलीपेक्षा सहा गुणांनी पुढे आहे. दहाच बार राहिलेत. गेली ही शिबिराला." आनंदाने आत्याचे कान तापले. तरी तिने निशाणाकडे बघितलं नाही.

तेवढ्यात तीन नंबरचं निशाण अडकलं.

"थांबा! पिस्तुलं रिकामी करा!"

सगळ्यांनी नळ्या रिकाम्या केल्या, दोऱ्या घातल्या, पिस्तुलं टेबलावर ठेवली आणि एक पाऊल मागे झाले. पुढे जाऊन निशाण सोडवायचं म्हणजे आधी नळ्यांची तोंडं बघायची. मास्तर भिंतीच्या कडेने वाकून एकेक बघत आले. एक, नारिंगी. दोन, नारिंगी. सहाही नारिंगी. सातपाशी ते थांबले.

"सात नंबर, दोरी?"

"घातलीय," ठोकळा म्हणाली.

मास्तरांनी दोरी मागून ओढून काढली आणि नळीच्या वरून धरली. ती पुढच्या तोंडापर्यंत पोचत नव्हती, चांगली नखभर आत राहत होती. त्यांनी टोक चष्म्यासमोर धरलं. "ही कापलीय. टोक अजून ताजं आहे, म्हणजे आजच. कोणी कापली?"

 आठ महिन्यांचे रविवार एकदम आत्याच्या डोळ्यांसमोर आले, त्या काड्या, ते वितळवणं, ते कौतुक. करायला गेलं एक आणि झालं भलतंच. आणि नियम तर तिला तोंडपाठ होता. सुरक्षेच्या वस्तूत मुलाने हात घातला तर दोन गुण वजा, वहीत नाव, खेळ पुढे चालू. मागच्या माणसाने घातला तर कार्ड जागच्या जागी तीन महिन्यांसाठी जमा, आणि कार्ड नाही म्हणजे मूलही टेबलावर नाही. शिकवणीत तिने यावर वाद घातला होता. मास्तर म्हणाले होते, "मूल चुकणार म्हणूनच मागे माणूस बसवलाय. तोच चुकला तर मग राहिलं कोण?"

"मी कापली," ठोकळा म्हणाली. "टोक विसकटलं होतं."

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. आयुष्यात खोटं न बोललेली पोर, पण बोलली ती रेटून बोलली. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मास्तरांनी वही उघडली.

आत्याचं डोकं मशीनसारखं धावायला लागलं. सहातून दोन गेले, राहिले चार. दहा बार. ही चुकणारी नाही. अळीमिळी गुपचिळी, पोर शिबिरात जाते, कोणाचं काय बिघडतं? बोलायची परवानगी नाहीच, नुसतं बसायचं आहे. गेले आठ महिने जे केलं तेच करायचं आहे. तिने तळवे गुडघ्यांवर आणखी दाबले आणि सवयीने बोटाकडे बघितलं.

बोट हलत होतं.

ठोकळ्याचा हात खाली सोडलेला होता आणि तर्जनी पँटच्या शिवणीवर खरवडत होती. नख शिवणीत घालून टाका उसवत होती. सारखी, थांबता थांबत नव्हती. हे बोट आता दहा वेळा चापावर जाणार होतं.

आत्याने हात वर केला.

मास्तरांनी वहीतून मान वर केली. पंखा, दोरा, काय असेल ते नंतर बघू, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. पण हात खाली आला नाही. ते जवळ आले.

"दोरी मी कापली," आत्या म्हणाली. "मघाशी, बाहेर बाकावर. ह्या कात्रीने."

"आत्या!" ठोकळा ओरडली. तिचा एवढा आवाज घरातल्यांनीही कधी ऐकला नव्हता.

"ती म्हणते तिने कापली."

"खोटं बोलतेय. तिने कापली असती तर तिरकी आली असती. तिला कागदसुद्धा सरळ कापता येत नाही. टोक बघा."

मास्तरांनी टोक बघितलं. सरळ होतं.

"बाई, पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे?"

"तुमच्यासमोरच पाठ म्हणून दाखवलंय."

त्यांनी हात पुढे केला. आत्याने गळ्यातलं कार्ड काढायला घेतलं, तर कार्डाची दोरी आणि कात्रीची फीत एकमेकांत अडकली. मास्तर तसेच उभे राहिले आणि दिवसाला शंभर गाठी सोडवणाऱ्या बाईला ती एक गाठ सुटेना. शेवटी तिने दोन्ही डोक्यावरून काढून त्यांच्या हातात ठेवलं. कात्री त्यांनी सोडवून परत दिली. पेटी रेंजच्या कपाटात गेली.

बसथांब्यावर ठोकळा तिच्यापासून चार हात लांब उभी राहिली.

"मी म्हटलं होतं ना, मी कापली म्हणून? दोनच गुण गेले असते. तुला नुसतं गप्प बसायचं होतं. आयुष्यात एकदा, फक्त एकदा गप्प बसायचं होतंस!"

"तुझं बोट हलत होतं."

"मग?"

"शिवण उसवत होतीस."

"मग काय झालं त्याने?" ठोकळा म्हणाली आणि रडायला लागली, अगदी लहान पोरासारखी, भोकाड पसरून. आत्या जवळ गेली तशी ती आणखी लांब सरकली. आपलेच दात आपलेच ओठ, बोलणार कोणाला. संध्याकाळी भावाचा फोन आला. "भिंगरे, दोनच गुण होते गं," एवढंच म्हणाला, हसला नाही. वहिनीने सगळं ऐकून घेतलं आणि कोणाचीच बाजू न घेता कामावर गेली.

पुढचे तीन महिने आत्याने कसे काढले ते तिच्या गिऱ्हाइकांना विचारावं. एका सद्गृहस्थाच्या पँटचा उजवा पाय डाव्यापेक्षा दोन बोटं आखूड झाला. एकीच्या कोटाला चेन उलटी बसली. कात्री तिने खणात टाकली होती, त्यामुळे हात गळ्याशी जायचा आणि रिकामा परत यायचा. सरावाच्या दिवशी ठरल्या वेळी ती दुकानाला फळी लावायची, थांब्यापर्यंत जायची आणि पुन्हा येऊन फळी काढायची. ठोकळा दुकानाकडे फिरकली नाही. शिबिराला दुसरीच कोणी गेली. आणि त्यातच वहिनीची पाळी कायमची सकाळची झाली. आता दुपारी वहिनी मोकळी असणार, शिकवणीला नाव घालू शकणार. आत्याने ते ऐकलं, "बरं झालं" म्हणाली आणि आधीच झाडलेलं दुकान पुन्हा झाडायला घेतलं.

तीन महिने संपले तशी मास्तरांची चिठ्ठी आली. आत्या गेली. मास्तरांची खोली तीच, टेबल तेच, भिंतीवर नियमांचा तक्ता. ठोकळा खिडकीपाशी पाठ करून उभी होती, खांद्याने थोडी उंच झालेली.

"बसा," मास्तर म्हणाले.

आत्या बसली नाही.

"मुदत संपली की कार्ड परत द्यायचं की नाही, हे मी ठरवत नाही. नियमाप्रमाणे मुलाला विचारतो. मागे कोण हवं आणि का, ते त्याने स्वतःच्या हाताने लिहायचं. मोठ्या माणसांसमोर नाही, एकट्याने. तिने काल लिहून दिलंय." त्यांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला.

आत्याला वाटलं, वहिनीचं नाव असणार, सही करायला बोलावलं असणार. सही तर सही. तिने कागद उचलला. तो तिरका कापलेला होता, एक कड वर, एक खाली. नावाच्या जागी लिहिलं होतं, आत्या. खाली कारणासाठी पाच ओळी मोकळ्या सोडलेल्या होत्या. त्यातली एकच भरली होती.

"सगळे माझ्या गुणांकडे बघत होते. आत्या बोटाकडे बघत होती."

आत्याने ते दोनदा वाचलं. मग कागद खाली ठेवला, पुन्हा उचलला, घडी केली, घडी मोडली, खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. ठोकळ्याने वळून बघितलं. तिच्या खिशातून नव्या नारिंगी दोरीचं टोक बाहेर लोंबत होतं, लांबच लांब, आणि चांगलंच विसकटलेलं.

आत्याचा हात गळ्याकडे गेला. मग तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एकमेकांत घट्ट धरून ठेवले.

"आत्याबाई, बसा आता," मास्तर म्हणाले.